रेघा, सोंगट्या आणि लेखणी : आडाम रीसने नेमकं काय केलं?

हातचा_एक (धागाकर्ता)

जर्मनीत दुकानात बेरीज करून आकडा सांगताना लोक आजही 'नाख आडाम रीजं' असं म्हणतात. अर्थ साधा : आडाम रीसच्या रीतीने एवढे होतात, वाद नको. माणूस सोळाव्या शतकातला, आणि त्याच्या नावावर एकही प्रमेय नाही. मग नाव एवढं का टिकलं, यावर हा धागा.

आधी चरित्र थोडक्यात. जन्म १४९२, फ्रँकोनियातल्या श्टाफेलश्टाइनला. हे साल मिळतं ते त्याच्या १५५० च्या पुस्तकातल्या चित्रावरून. त्यावर त्याचं वय ५८ छापलंय. बाप कोन्त्स रीस, गिरणीचा मालक. १५१८ च्या सुमारास रीस एरफुर्टला आला आणि तिथे हिशेबाची शाळा चालवू लागला. तिथला वैद्य गेओर्ग श्टुर्त्स याने त्याला बीजगणिताकडे वळवलं. १५२२-२३ मध्ये तो आनाबेर्गला गेला. चांदीच्या खाणींवर उभं राहिलेलं हे गाव तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षांचं होतं. तिथे खाणकचेरीत नोकरी आणि जोडीला शाळा. १५२५ मध्ये फ्रायबेर्गच्या एका कुलूपवाल्याच्या मुलीशी, आना लॉयबरशी लग्न. १५५९ मध्ये निधन. योहानिसगास्सं या गल्लीतल्या त्याच्या घरात आज संग्रहालय आहे.

पुस्तकं तीन. १५१८ चं फक्त रेघांवरच्या हिशेबाचं, मुलांसाठी. १५२२ चं 'रेघांवर आणि लेखणीने'. नाव झालं ते या दुसऱ्यामुळे. शंभराहून जास्त आवृत्त्या निघाल्या. तिसरं १५५० चं, लाइप्त्सिगला छापलेलं, जाडजूड आणि महाग. तिन्ही जर्मन भाषेत. माझ्या मते त्याने नवीन काही शोधलं नाही. त्याने शिकवण्याचा क्रम लावला, आणि त्याचं खरं काम तेच.

---

पाटीपेन्सिल

क्रमाबद्दल बोलायचं तर 'रेघांवर' म्हणजे काय ते आधी दाखवायला हवं, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील.

टेबलावर किंवा कापडावर आडव्या रेघा. सगळ्यात खालची एककाची, वरची दशकाची, मग शतक, मग हजार. हजाराच्या रेघेवर फुली, नजर चुकू नये म्हणून. दोन रेघांमधल्या मोकळ्या जागेलाही किंमत असते : एकक-दशकाच्या मध्ये ५, त्यावर ५०, त्यावर ५००. धातूच्या सोंगट्या ठेवायच्या. त्यांना 'हिशेबी पेनी' म्हणत आणि न्यूर्नबेर्गचे कारागीर त्या ढिगांनी पाडत. नियम दोनच. रेघेवर चारपेक्षा जास्त सोंगट्या राहू द्यायच्या नाहीत, मधल्या जागेत एकीपेक्षा जास्त नाही.

३८७ + २६५ करून बघू.

३८७ : शतकाच्या रेघेवर ३, पन्नासात १, दशकावर ३, पाचात १, एककावर २. एकूण १० सोंगट्या.
२६५ : शतकावर २, पन्नासात १, दशकावर १, पाचात १. एकूण ५.

सगळ्या एकत्र ढकला आणि खालून साफ करत वर जा. एककावर २, ठीक. पाचात २ झाल्या. दोन्ही उचला, दशकावर १ ठेवा. दशकावर आता ३ + १ + १ = ५; पाचही उचला, पन्नासात १. पन्नासात ३, दोन उचला, शतकावर १, एक तिथेच राहिली. शतकावर ३ + २ + १ = ६; पाच उचला, पाचशेत १. आता वाचा : ५०० + १०० + ५० + २ = ६५२. १५ सोंगट्यांच्या ५ उरल्या.

यात कुठेही '८ आणि ५ किती' हे पाठ असावं लागलं नाही. पाचपर्यंत मोजता आलं की बेरीज येते. हातचा डोक्यात धरायचा नसतो, तो बोटांनी उचलून वरच्या घरात ठेवला जातो. वजाबाकी म्हणजे हेच उलट : वरची एक सोंगटी मोडून खाली तिच्या दोन किंवा पाच करायच्या. हिशेब गुल्डन-ग्रोशन-पेनी या नाण्यांत असेल तर उभ्या रेघा मारून तीन रकाने.

रीसचं म्हणणं असं की, जी मुलं रेघांपासून सुरुवात करतात ती आकड्यांपासून सुरुवात करणाऱ्यांपेक्षा हिशेबात जास्त तयार आणि चपळ होतात. म्हणून आधी पट (हा रेघांचा तक्ता), मग लेखणी (कागदावरचे आकडे).

---

ठोकताळा

मस्त. फक्त पटाची मोठी खोट सांगायची राहिली : मागे काही उरत नाही. उत्तर ६५२ आलं, पण कुठली सोंगटी कधी उचलली याचा पुरावा शून्य. शंका आली की सगळं पुसून पहिल्यापासून.

आणि नवाचा ताळा (नवाने भागून उरणाऱ्या बाकीवरून उत्तर तपासणं) इथे भलत्याच जागी दगा देतो. रीसच्या १५२२ च्या पुस्तकात लेखणीच्या हिशेबासाठी हा ताळा आहे. ३८७ चे अंक मिळवा : १८, म्हणजे ०. २६५ चे १३, म्हणजे ४. ६५२ चे १३, म्हणजे ४. जुळलं. पण पटावर सगळ्यात सहज होणारी चूक म्हणजे सोंगटी एक रेघ वर किंवा खाली पडणं. १ च्या जागी १०, १० च्या जागी १००. नवाने भागल्यावर १, १०, १०० सगळ्यांची बाकी १ च. ५, ५०, ५०० यांची ५ च. म्हणजे रेघ चुकली तरी ताळा जुळतो! ६५२ चं ६२५ लिहिलं तरी जुळतो.

पकडतो तो फक्त रेघेवरची सोंगटी मधल्या जागेत घसरली तर, कारण १ चे ५ होतात आणि ४ चा फरक पडतो.

त्या काळी सातचा ताळाही चालायचा. सातने भागून १ ची बाकी १, १० ची ३, १०० ची २, त्यामुळे एका रेघेची चूक तिथे उघडी पडते. पण अंकांची बेरीज करून भागत नाही, प्रत्यक्ष सातने भागावं लागतं. लोक सोपा मार्ग धरतात, नऊ जिंकला.

---

खाणकामगार

कचेरीतला रीस राहून जातोय. १५२४ पासून तो आनाबेर्गच्या खाणकचेरीत जमाखर्चाचा लेखनिक, पुढे १५३२ मध्ये भागधारकांच्या नोंदवहीचा लेखनिक, आणि १५३३ ते १५३९ गायर या गावी दशांश गोळा करणारा अधिकारी. काढलेल्या धातूचा दहावा हिस्सा राज्यकर्त्याचा, तो मोजून घ्यायचा. १५३९ मध्ये, आनाबेर्ग ज्यात येतं त्या सॅक्सनीच्या दरबाराचा गणिती अशी पदवी मिळाली.

एका खाणीचे १२८ भाग असत, एका भागाला 'कुक्स' म्हणत. हिशेब वर्षातून चार वेळा. नफा झाला तर दर कुक्सला वाटप, तोटा झाला तर दर कुक्समागे भरणा. भरणा चुकवला की भाग गेला. १२८ म्हणजे २ चा सातवा घात. त्यामुळे हिस्से पाडणं म्हणजे सात वेळा अर्धं करणं. रीसच्या पुस्तकात दुप्पट करणं आणि निम्मं करणं या बेरीज-वजाबाकीसारख्या वेगळ्या क्रिया म्हणून येतात. ही पद्धत त्याच्या कितीतरी आधीची, कुक्समुळे आलेली नव्हे. पण या कचेरीत ती रोज उपयोगी पडणारी होती.

डोकेदुखी होती ती नाण्यांची. सॅक्सनीत १ गुल्डन = २१ ग्रोशन, १ ग्रोशन = १२ पेनी. म्हणजे गुल्डनचे २५२ पेनी. त्रैराशिक करून बघा : ३२ हात कापड २८ गुल्डनला, तर ६ हात कितीला?

२८ × ६ = १६८. भागिले ३२ : ५ गुल्डन, बाकी ८.
८ × २१ = १६८. भागिले ३२ : ५ ग्रोशन, बाकी ८.
८ × १२ = ९६. भागिले ३२ : ३ पेनी, बाकी ०.
उत्तर ५ गुल्डन ५ ग्रोशन ३ पेनी.

चूक कुठे होते? बाकीला २१ ऐवजी २० ने गुणण्यात. पलीकडच्या मुलुखात गुल्डनचे २० शिलिंग मोजत, आणि व्यापारी दोन्हीकडचा. दुसरी चूक, तीन राशी मांडताना पहिली आणि तिसरी एका जातीची न ठेवणं. कापड-पैसे-कापड असंच मांडायचं, विचारलेली राशी शेवटी.

---

अडीचकी

प्रमाण-फल-इच्छा! आपल्या त्रैराशिकाची मांडणी हीच, आणि 'प्रमाण आणि इच्छा एका जातीची' ही ताकीद लीलावतीतही आहे.

एक भाषेची गंमत. रीसच्या उदाहरणांत दीड गुल्डनला 'आंडरटहाल्ब' म्हटलंय, म्हणजे 'दुसरा अर्धा' : एक पुरा, दुसरा अर्धा. जुन्या जर्मनमध्ये अडीचला 'ड्रिटहाल्ब', तिसरा अर्धा. साडेतीनला 'फीअरटहाल्ब', चौथा अर्धा. आता आपलं बघा : अडीच आलंय अर्धतृतीय वरून, आणि साडेतीनचा जुना शब्द औट (औट हात आठवा) अर्धचतुर्थ वरून. रचना तीच. पावकी-निमकी-दिडकी-अडीचकी-औटकी घोकलेल्यांना रीसचे अपूर्णांक परके वाटणार नाहीत.

पाढ्यांबाबत मात्र रीस आपल्या पंतोजींपेक्षा मऊ. पाच-पाचपर्यंत आलं की पुढचं काढता येतं, अशी युक्ती तो देतो. ७ × ८ : दोन्ही आकडे एकाखाली एक लिहा, समोर दहाला कमी किती ते लिहा, ३ आणि २. त्या दोघांचा गुणाकार ६, हे एकक. तिरकं वजा करा : ७ − २ किंवा ८ − ३, दोन्हीकडून ५, हे दशक. ५६.

अडतं ते ६ × ६ किंवा ६ × ७ ला. ६ × ७ : कमी ४ आणि ३, गुणाकार १२, तिरकं ३. '३१२' लिहून मोकळा होणारा पोरगा वर्गात एक तरी असणारच. १२ मधला १ हातचा, तो ३ मध्ये मिळवायचा, ४२.

---

उगाच_शंका

धागा छान, पण एक गैरसमज इथेही डोकावेल म्हणून आधीच : 'रीसने जर्मनीत आपले आकडे आणले' असं अनेक ठिकाणी छापतात. चूक. बाम्बेर्गचं छापील हिशेबाचं पुस्तक १४८३ चं. योहानेस विडमानचं लाइप्त्सिगचं १४८९ चं, + आणि − या खुणा छापील रूपात पहिल्यांदा त्यातच. १५१४ मध्ये याकोब क्योबेलचं रेघांवरच्या हिशेबाचं पुस्तक आलं, तेही जर्मनमध्ये, आणि त्यात तर तो रोमन आकड्यांना चिकटून होता. मग रीसचंच नाव का?

दुसरं, बीजगणित. त्याने १५२४ मध्ये 'कोस' नावाचं हस्तलिखित पुरं केलं. इटालियन 'कोसा' म्हणजे वस्तू, अज्ञात राशी. आपल्याकडे 'यावत्तावत्' म्हणत ती. ते छापलंच गेलं नाही. १५२५ मध्ये क्रिस्टॉफ रुडॉल्फचं 'कोस' श्ट्रासबुर्गला छापून आलं, वर्गमुळाची √ खूण त्यातली, आणि बाजार त्याने घेतला. रीसचं पूर्ण रूपात छापलं गेलं ते १९९२ मध्ये, त्याच्या जन्माला ५०० वर्षं झाली तेव्हा. मग बीजगणितावर त्याचा प्रभाव कितीसा मानायचा?

---

हातचा_एक

बीजगणितावर फारसा नाही, मान्य. हस्तलिखित घराण्यात आणि ओळखीत राहिलं. मुलगा आब्राहाम त्याच परंपरेतला, त्याने ती पुढे चालवली.

पण 'रीसचंच का' याचं उत्तर पुस्तकं शेजारी ठेवली की दिसतं. विडमानच्या पुस्तकात नियमांची जत्रा आहे, एकाच गोष्टीला चार नावं. रीस एक क्रिया घेतो, दोन-चार ओळींत 'असं कर' म्हणून सांगतो, मग उदाहरण, मग आणखी उदाहरणं, शेवटी 'उत्तर इतकं'. का, ते जवळजवळ कधीच सांगत नाही. गणितज्ञाला हे खटकेल. पण मिरी-कापड-चांदीचा हिशेब शिकायला आलेल्या उमेदवाराला तेच हवं होतं. शिवाय क्योबेल पटावर थांबतो, तर रीस त्याच पुस्तकात पटावरून लेखणीवर नेतो.

---

पाटीपेन्सिल

लेखणीवर नेतो, पण तिथला भागाकार आजचा नाही. ९५२ भागिले २८ त्या रीतीने :

९५२ लिहा. खाली २८ असे की २ येईल ९ खाली, ८ येईल ५ खाली. भाग ३, उजवीकडे लिहा. ३ × २ = ६, ९ − ६ = ३ : ९ आणि २ खोडा, ९ च्या डोक्यावर ३. मग ३ × ८ = २४, ३५ − २४ = ११ : ३, ५, ८ खोडा, वर १ आणि १. उरले ११२. आता २८ एक घर उजवीकडे सरकवून पुन्हा लिहा. भाग ४. ४ × २ = ८, ११ − ८ = ३. ४ × ८ = ३२, ३२ − ३२ = ०. उत्तर ३४.

बाकी वर चढत जाते, भाजक खाली उतरत जातो. मोठा भागाकार झाला की खोडलेल्या आकड्यांची आकृती शिडाच्या जहाजासारखी दिसते.

ही रीत मुळात आपल्याकडच्या धूळपाटीची. तिथे आकडा पुसून त्याच जागी नवा लिहीत. कागदावर पुसता येत नाही म्हणून खोडणं आलं. त्यामुळे अंदाज चुकला की पंचाईत : ९ मध्ये २ चार वेळा जातात म्हणून ४ घेतलं, तर ९ − ८ = १, आणि १५ मधून ३२ जात नाहीत. तोवर ९ खोडून झालेला असतो. म्हणून खोडण्याआधी भाजकाचा दुसरा आकडा मनात लावून बघायचा.

---

बीजांकुर

बीजगणित छापलं नाही, पण त्याची गरज भागवणारी पळवाट १५२२ च्या पुस्तकात आहे : खोट्या अंदाजाचा नियम. आपलं द्वीष्टकर्म.

त्याचं गाजलेलं उदाहरण : एक जण म्हणतो, 'राम राम, तीसही मंडळींना!' त्यातला एक उत्तरतो, 'आम्ही आहोत तितके आणखी, आणि त्याच्या निम्मे आणखी असतो, तर तीस झालो असतो.' किती होते?

अंदाज १६ : १६ + १६ + ८ = ४०, १० जास्त. अंदाज १४ : ३५, ५ जास्त. तिरका गुणाकार : १६ × ५ = ८०, १४ × १० = १४०. वजा केले ६०. चुकांची वजाबाकी १० − ५ = ५. ६० ÷ ५ = १२.

दोन्ही अंदाज एकाच बाजूला चुकले तर वजा. एक जास्त, एक कमी असेल तर दोन्हीकडे बेरीज. इथेच घसरतात. अंदाज ८ घ्या : २०, म्हणजे १० कमी. १४ ला ५ जास्त. बरोबर रीत : ८ × ५ + १४ × १० = १८०, भागिले १५ = १२. विसरून वजाबाकी केली तर १०० भागिले ५ = २०. पूर्णांक, नीटनेटकं, आणि साफ चूक. उत्तर मूळ प्रश्नात घालून बघणं हाच इलाज.

वर्ग आला की नियम मोडतो. १४४ क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू : अंदाज १० (४४ कमी), १५ (८१ जास्त). (१० × ८१ + १५ × ४४) ÷ १२५ = ११.७६. बारा नाही.

आणि त्याचा गुरांचा प्रश्न : १०० गुल्डनला १०० जनावरं. बैल ४ गुल्डन, डुक्कर दीड, वासरू अर्धा, शेळी पाव. उत्तर १२ बैल, २० डुकरं, २० वासरं, ४८ शेळ्या. पण १० बैल, २५ डुकरं, २५ वासरं, ४० शेळ्या हेही बसतं. करून बघा. एकच उत्तर दिलंय म्हणून एकच आहे असं नाही. भास्कराचार्यांच्या बीजगणितातला कबुतरं-सारस-हंस-मोरांचा प्रश्नही याच जातीचा.

---

खाणकामगार

पावाचं कोष्टक कुणीच काढलं नाही! आनाबेर्गच्या नगरपालिकेसाठी त्याने ते १५३३ मध्ये तयार केलं, छापलं १५३६ मध्ये. तिथे पावाची किंमत ठरलेली, एक पेनी. धान्य महागलं की किंमत वाढत नाही, पाव लहान होतो. पण किती लहान? भट्टीवाला मनाने ठरवणार आणि लोक भांडणार. म्हणून धान्याच्या प्रत्येक भावाला पावाचं वजन.

गणित व्यस्त त्रैराशिकाचं. आकडे माझे, समजण्यापुरते : धान्याचं माप २० ग्रोशनला असताना पाव २४ लोथ (३२ लोथ म्हणजे एक पौंड). भाव ३० झाला तर २० × २४ ÷ ३० = १६ लोथ. नेहमीचं सरळ त्रैराशिक लावलं तर ३६ येतात, म्हणजे धान्य महाग आणि पाव मोठा. ही चूक हसू आणणारी असल्याने पकडली तरी जाते. न दिसणारी अडचण वेगळी : सरपण आणि मजुरी धान्याबरोबर वाढत नाही, त्यामुळे निव्वळ व्यस्त प्रमाण भाव चढताना भट्टीवाल्याच्या पथ्यावर पडतं आणि उतरताना त्याला बुडवतं.

---

उगाच_शंका

पटलं. हे कोष्टक म्हणजे ज्याला हिशेब येत नाही त्यालाही भट्टीवाल्याला विचारायची सोय. 'आडाम रीसच्या रीतीने' याचा जोर आता कळतो.

जाता जाता : मुलांना हा पट करून द्यायचा तर किती सोंगट्या लागतील?

---

पाटीपेन्सिल

एका अंकाला जास्तीत जास्त पाच (९ = मधल्या जागेत १, रेघेवर ४). चार आकडी संख्येला २०, दोन संख्यांना ४०. बेरजेला तेवढ्या पुरतात, कारण साफ करताना सोंगट्या कमीच होतात.

दोन संख्या एकत्र ढकलल्यावर एका रेघेवर ८ पर्यंत येतात, खालून आलेला हातचा धरून ९. सोंगटी अडीच सेंटिमीटरची असेल तर रेघ किमान २३ सेंटिमीटर हवी. दोन रेघांमध्ये सोंगटीच्या दुपटीहून थोडी जास्त जागा सोडा, साधारण ६ सेंटिमीटर. कमी ठेवली तर पाचातली सोंगटी कुठल्या ना कुठल्या रेघेला टेकते आणि वाचताना पाचाचे एक होतात. रेघा पाच मारा, चार नाही : ९९९९ मध्ये १ मिळवला की दहा हजाराची रेघ लागते.

शर्टाची बटणं नकोत, घसरतात. जाड पुठ्ठ्याच्या चकत्या किंवा जुनी नाणी बरी, आणि खाली कापड.